दिवस यंत्रासारखे जातात, आणि ‘सोडून दे’ म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, कल्याणला राहतो, दादरला नोकरी. घरातून निघालो ते ऑफिसात टेबलाशी बसलो, मधलं काहीच आठवत नाही, असं रोज होतं. ताट रिकामं झालं की कळतं, जेवलो. गेल्या आठवड्यात नववीतल्या मुलीने काहीतरी विचारलं, मी ‘हो’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी ती रुसून बसली. कशाला हो म्हणालो ते मला अजून माहीत नाही. गावच्या घरावरून थोरल्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही. अंघोळ करताना, गाडीत, रात्री अंथरुणावर, मनात त्याच्याशी भांडण चालूच. सगळे म्हणतात, सोडून दे. कसं सोडायचं ते कुणी सांगत नाही. ध्यानाचं ॲप अकरा दिवस वापरलं, जमलं नाही. इगतपुरीला विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिराला दहा दिवस जाऊन येऊ का?

उत्तर:

सगळ्यात आधी झोपेचं विचारते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण कल्याणहून दादर गाठणारा माणूस पाच-साडेपाचला उठतो, आणि रात्री अंथरुणावर भावाशी भांडण चालत असेल तर डोळा लागायला बारा वाजत असणार. पाच तास झोपलेल्या माणसाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं की तो दहा मिनिटांत पेंगायला लागतो आणि समजतो की ध्यान आपल्याला जमण्यातलं नाही. ॲपच्या अकरा दिवसांत तुमचंही हेच झालं असावं. झोप कमी पडली की मन आपसूक सवयीच्या वाटेला लागतं, नवीन काही बघायचं बळच त्याच्यात नसतं. म्हणून पुढचं काहीही सुरू करण्याआधी पंधरा दिवस अर्धा-पाऊण तास लवकर आडवे व्हा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. वीसेक वर्षं समुपदेशन करते आहे. ‘मशीनसारखं जगतोय’ म्हणत आलेल्या कितीतरी जणांची निम्मी तक्रार एवढ्यानेच हलकी झालेली मी पाहिली आहे.

आता मूळ गोष्ट. सवयीवर चालणं हा दोष नाही. चपला घालणं, कुलूप लावणं, प्लॅटफॉर्मवर नेमका आपला डबा जिथे येतो तिथे जाऊन उभं राहणं, ही कामं मेंदूने कधीच आतल्या खात्याकडे सोपवलेली असतात. बेसल गँग्लिया नावाचा मेंदूचा खोलवरचा भाग हे काम सांभाळतो. एकच साखळी शेकडो वेळा घडली की तो ती एकसंध गाठोड्यासारखी ठेवून देतो आणि पहिलं टोक ओढलं की बाकीचं आपोआप उलगडतं. हे नसतं तर शर्टाची बटणं लावतानाच आपली सकाळ संपली असती. त्यामुळे दिवसातला प्रत्येक क्षण जागेपणी जगायचा असा पण करू नका. कुणालाच ते साधत नाही आणि न साधल्याची टोचणी मात्र मागे राहते.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अशी की हात-पाय सवयीवर गेले की मन मोकळं होतं आणि मोकळं झालेलं मन जुन्या जखमेकडे जातं. २०१० साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी २२५० माणसांना त्यांच्या फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? उत्तरांपैकी जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. मन भटकलेलं असताना माणसं कमी सुखी होती, हेही दिसलं. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की मन छान, सुखाच्या विचारात रमलं असेल तरी माणूस हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त सुखी नव्हता. तुमचं मन तर सुखाच्या विचारात जातही नाही. ते सहा वर्षं एकाच अंगणात जाऊन उभं राहतं.

दुसरी अडचण अधिक गंभीर. ज्या गोष्टी सवयीच्या नाहीतच, त्यांच्यावरही सवयीचा अंमल चढतो. मुलीचं बोलणं ही काही चप्पल नव्हे. पण ‘बाबा, ऐका ना’ हे शब्द कानावर पडले की तुमचं ‘हो’ आपोआप बाहेर येतं.

हे मी वरून उपदेश करत नाही, माझ्याबाबतीत झालेलं आहे. नाशिकला माझं काम सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याच्या तीन वर्षं आधी इगतपुरीचं पहिलं शिबिर केलं होतं आणि रोज सकाळी तासभर बसतही होते. एक दिवस समोरच्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम, मी आत्ता काय सांगितलं?’ मला सांगता आलं नाही. मी मान हलवत होते, ‘हं, हं’ म्हणत होते, चेहऱ्यावर योग्य ते भाव होते, आणि मी तिथे नव्हते. त्या बाईंनी नवऱ्याच्या आजाराबद्दल पहिल्यांदाच कुणाला काही सांगितलं होतं. त्यांची माफी मागितली आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. त्या रात्री मला कळलं की माझं सगळं ध्यान आसनावर राहत होतं. उठले की ते तिथेच घडी घालून ठेवत होते.

पुढची काही वर्षं मी याच एका प्रश्नावर घालवली: आसनावरचं ध्यान दिवसात कसं उतरवायचं? उत्तराचा धागा मला शब्दात सापडला. जगभर ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचा मूळ पाली शब्द आहे ‘सति’. संस्कृतात तोच ‘स्मृती’. म्हणजे आठवण. आपली मराठी हे अजून विसरलेली नाही. ‘ध्यानात ठेव’ असं आई सांगते तेव्हा डोळे मिटून बस असं तिला म्हणायचं नसतं, आठवणीत ठेव असं म्हणायचं असतं. लक्ष देणं मुळात अवघड नाही. तुम्ही आत्ता हे वाचताना तळपायाखाली काय लागतंय ते बघा. दिलंत ना लक्ष? दोन सेकंद लागले. अवघड आहे ते, लक्ष द्यायचं आहे याची आठवण होणं. दिवसभरात ती आठवण होतच नाही, म्हणून सगळं अडतं.

तेव्हा इच्छाशक्ती वाढवण्याच्या मागे न लागता आठवणीच्या खुणा पेरायच्या. फ्रान्समधल्या प्लम व्हिलेजमध्ये, व्हिएतनामी भिक्षू तिक न्यात हान्ह यांनी १९८२ साली सुरू केलेल्या आश्रमात, घंटा वाजली की प्रत्येक जण हातातलं काम थांबवतो आणि तीन श्वास घेतो. घड्याळाचे ठोके आणि फोनची रिंगसुद्धा तिथे घंटाच धरतात. तुम्हाला घंटा विकत आणायला नको, ती तुमच्या गाडीत आहे. ‘पुढील स्टेशन’ अशी घोषणा रोज होते आणि आपल्याला ती ऐकूही येत नाही. झोपेचे ते पंधरा दिवस झाले की तिला घंटा माना. डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर. प्रत्येक वेळी ‘पुढील स्टेशन’ ऐकलं की तीन गोष्टी तपासा: तळपाय जमिनीवर कसे टेकलेत, हात कुठे धरलाय आणि जबडा आवळलेला आहे का. एवढंच. नंतर मन हवं तिथे जाऊ दे, पुढच्या घोषणेपर्यंत ते मोकळं. गाडीत डोळे मिटून श्वास बघायच्या फंदात मात्र पडू नका, दाराशी उभे असाल तर अजिबात नाही. तिथे लक्ष बाहेर, अंगावर आणि हातावरच हवं.

पहिल्या आठवड्यात पाचपैकी एखादीच घोषणा ऐकू येईल. कुणी गाडीतून उतरल्यावर सांगतं, ‘आज एकही आठवली नाही.’ मी त्यांना विचारते, मग ‘आठवली नाही’ हे कधी आठवलं? जिन्यावर. मग ती जिन्यावरची आठवण हीच त्या दिवसाची घंटा. भानावर येण्याचा तो एक क्षण म्हणजे सगळी साधना आहे. मन भटकलेलं असणं ही चूक धरली की त्या क्षणाला आपण स्वतःवर खेकसतो, आणि ज्या क्षणी मार बसतो त्या क्षणाकडे मन पुन्हा यायला तयार होत नाही. चुकून बाहेर गेलेलं लहान मूल घरी परतलं तर दारातच फटका मारू नये.

दुसरी खूण जेवणाची. आपल्याकडे पहिल्या घासाआधी थांबायची पद्धत होती. ताटाभोवती पाणी फिरवायचं, श्लोक म्हणायचा. धार्मिक अंग बाजूला ठेवलं तरी त्या अर्ध्या मिनिटात माणूस ताटासमोर येऊन बसायचा, नुसतं शरीर नव्हे. तुम्ही श्लोक म्हणा किंवा म्हणू नका, डबा उघडल्यावर पहिला घास तोंडात घालण्याआधी एकदा वास घ्या आणि तो पहिला घास नुसता जेवा. फोन नाही, शेजारच्याशी बोलणं नाही. दुसऱ्या घासापासून गप्पा मारा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, पुढे आठ आठवड्यांचा म्हणून जो जगभर गेला, त्यात एकच बेदाणा सावकाश खायला देतात. मी आमच्या गटात खारा शेंगदाणा देते, कारण तो आपण कधीच एक खात नाही. एकच दाणा हातात देऊन तीन मिनिटं घ्यायला सांगितलं की साठीचे लोकही म्हणतात, याची साल अशी असते हे आज पाहिलं.

बसून करायचं ध्यान सोडू नका, पण दहाच मिनिटं. सकाळच्या चहाआधी, खुर्चीवर बसलात तरी चालेल, पाठ ताठ आणि खांदे सैल. नाकाच्या दारापाशी, वरच्या ओठाच्या वर, येणारा-जाणारा श्वास जिथे लागतो तिथे लक्ष. श्वास मोठा करायचा नाही, लांबवायचा नाही, जसा असेल तसा. मन गेलं, कळलं, परत आणलं. दहा मिनिटांत हे चाळीस वेळा झालं तर चाळीस वेळा साधना झाली. यापलीकडे मला त्याबद्दल फार सांगायचं नाही. करायला लागल्यावर जे प्रश्न येतील ते करण्यातूनच सुटतात.

आता भावाचं. यावर जरा थांबून बोलायला हवं.

‘सोडून दे’ हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त सल्ला आहे. सांगणाऱ्याला ऐकण्याचा कंटाळा आला की तो हे म्हणतो. ऐकणारा प्रामाणिकपणे प्रयत्न करतो, त्याला जमत नाही, आणि मग भावाचा राग अधिक स्वतःला सोडता येत नाही याचा राग, असं दुप्पट ओझं होतं. श्वासावरच्या साधनेचं जे मूळ बौद्ध सूत्र आहे, आनापानसति सुत्त, त्यात सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी श्वास लांब की आखूड ते नुसतं जाणायचं, मग शरीर, मग सुख-दुःखाच्या संवेदना, मग मन. शेवटच्या चार पायऱ्या अशा: जे आहे ते बदलतंय हे पाहणं, त्याचा रंग उडत जाणं पाहणं, ते थांबतं हे पाहणं आणि मग सोडणं. त्याला ‘पटिनिस्सग्ग’ म्हटलंय. सोडणं सोळाव्या पायरीवर आहे! तुम्हाला सगळे पहिल्याच पायरीवर ते करायला सांगताहेत. पतंजलींनीही मन आवरायला अभ्यास, म्हणजे सराव, आणि वैराग्य अशी जोडी सांगितली, आणि त्या जोडीत अभ्यास आधी येतो.

मग करायचं काय? यासाठी आणखी एक पाली शब्द सांगते, कारण माझा स्वतःचा गुंता त्याने सुटला. धरून ठेवण्याला बुद्धाने ‘उपादान’ म्हटलं आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सरपण, जळण. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी दिसली. चुलीवर दूध वर यायला लागलं की ती घाईने पाणी ओतत नसे. पाणी ओतलं की घरभर धूर होतो, डोळे झोंबतात आणि चूल पुन्हा पेटवायला तासभर लागतो. ती लाकूड हातभर मागे ओढायची. जाळ आपोआप बसायचा. निखारे राहायचे, पण निखाऱ्यांनी दूध उतू जात नाही.

तुम्ही आजवर पाणी ओतत आला आहात. ‘नाही, भावाचा विचार करायचा नाही’ हे पाणी. धूर होतो तो त्याने. आणि दुसरीकडे दर दोन मिनिटांनी नवं लाकूडही सारताय: ‘आईच्या आजारपणात कोण धावलं?’, ‘त्याला मी तोंडावर असं म्हणायला हवं होतं.’ प्रत्येक वाक्य म्हणजे एक ढलपी. जाळ सहा वर्षं पेटता राहिला तो मूळ अन्यायाने नव्हे, रोजच्या सरपणाने. अन्याय झालाच नाही असं मी म्हणत नाही. तो झाला असेल, खराखुरा झाला असेल. पण अंघोळीच्या वेळी तो तिथे नसतो. तिथे असतात तुम्ही, बादली आणि ती वाक्यं.

म्हणून अंघोळीचंच उदाहरण घ्या. भांडण सुरू झालंय हे ध्यानात आलं की मनात एवढंच म्हणा, ‘भांडण सुरू झालं.’ त्याचा मुद्दा खोडू नका, स्वतःचा मुद्दा मांडू नका. तिथून सरळ शरीराकडे या. छातीत काय होतंय? घसा आवळलाय का? तांब्या धरलेली मूठ किती घट्ट आहे? राग हा आधी शरीरात असतो. गरम लाट, धडधड, पोटात गोळा. मग त्या संवेदनेला मन वाक्य जोडतं, आणि वाक्याने संवेदना वाढते. विपश्यनेत सगळं काम याच सांध्यावर चालतं: संवेदना उठली आणि तिच्यावरची प्रतिक्रिया अजून उठायची आहे, त्या मधल्या फटीत. तुम्ही ती गरम लाट नुसती बघत राहिलात, वाक्य जोडलं नाही, तर ती थोडी वाढते, हलते आणि ओसरायला लागते. दोन-चार वेळा हे स्वतःच्या अंगावर पाहिलंत की ‘हे बदलतं’ ही पाठ्यपुस्तकातली ओळ राहत नाही. मग हात थोडा सैल होतो. तांब्यावरचा हात, खरोखरचा. सोडणं म्हणजे मी एवढंच समजते: आधीच चालू असलेलं धरणं लक्षात येणं, आणि ते धरायचे कष्ट एका श्वासापुरते थांबवणं. पुढच्या श्वासाला पुन्हा धराल. पुन्हा लक्षात येईल.

भावापासून लगेच सुरुवात होणार नाही, हेही सांगून ठेवते. सहा वर्षांचा निखारा हा सरावाचा विषय नव्हे. सरावाला किरकोळ गोष्टी घ्या. गाडीत कुणाचं कोपर लागलं, रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, ऑफिसात कुणी तुमचा कप वापरला. अशा वेळी मुठीतला आणि जबड्यातला ताण बघायचा आणि सैल सोडायचा. दिवसातून अशा दहा संधी मुंबई तुम्हाला फुकट देते. दोन-तीन महिने एवढंच करा. एखाद्या सकाळी तुमच्या लक्षात येईल की अंघोळ झाली आणि आज तो आलाच नाही. त्याचा फार आनंद करू नका, उद्या येईल. पण पूर्वीइतका वेळ बसणार नाही.

आणि हे नीट ऐका: मनातलं भांडण सोडणं म्हणजे घरातला हिस्सा सोडणं नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक एक तर हक्क गमावतात, नाहीतर साधना. तुमचा हक्क असेल तर त्याचं काम कामासारखं करा. रविवारी सकाळी अर्धा तास ठरवा, कागद-पेन घ्या, कोणते उतारे काढायचे, वकिलाला काय विचारायचं, भावाला मध्यस्थामार्फत काय निरोप द्यायचा, ते लिहून काढा. अर्धा तास झाला की वही बंद. आठवड्यात अंघोळीच्या वेळी तो विषय आला की मनाला प्रामाणिकपणे सांगता येतं, ‘याला रविवार दिलेला आहे.’ मन जे पुन्हा पुन्हा घोकतं ते बऱ्याचदा विसरलं जाईल या भीतीने. त्याला वही दिसली की ते बरंच निवांत होतं. मी पाहिलंय की ज्यांनी असं केलं त्यांची कागदपत्रंही लवकर झाली, कारण सहा वर्षं मनात दावा चालवणाऱ्याने तलाठ्याकडे एकदाही फेरी मारलेली नसते.

याच अनुषंगाने आणखी एक, कारण हे उत्तर इतरही वाचतील. घरात मारहाण होते आहे, कामाच्या जागी कुणी छळतो आहे, अशा माणसाला ‘सोडून दे, मन शांत ठेव’ सांगणं हा अन्याय आहे. तिथे आधी सुरक्षित जागा, मग मदत, मग कायदा. संवेदना बघत बसण्याची ती वेळ नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सासर-माहेर दोन्हीकडून हा शब्द इतक्या वेळा ऐकवलेला असतो की मी त्यांच्यासमोर तो वापरतच नाही.

इगतपुरीबद्दल. तिथल्या धम्मगिरी केंद्रातलं शिबिर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं. ते ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ साली ही साधना घेऊन भारतात आले. शिबिराची फी नाही. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं. पहाटे चारला घंटा, रात्री नऊपर्यंत कार्यक्रम, मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघणं. मला त्याने खूप दिलं आहे, आणि तुम्ही कधीतरी जावं असं मला मनापासून वाटतं. पण आत्ता लगेच नको. तुम्ही थकलेले आहात आणि एक जुनं भांडण अंगात आहे. मौनात ते दहा दिवस मोठ्या आवाजात ऐकू येईल, आणि ते ऐकायची थोडी सवय असलेली बरी. तीन-चार महिने रोजची दहा मिनिटं आणि गाडीतल्या घंटा झाल्यावर जा. म्हणजे परत आल्यावर कल्याण स्टेशनच्या पहिल्याच गर्दीत सगळं सांडून जाणार नाही. अर्जात तब्येतीबद्दल विचारतात, तिथे मनाच्या आजाराची औषधं, जुने झटके, काहीही लपवू नका. ते त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी विचारलेलं असतं.

आणि तुमच्याबद्दल एक शंका मला मोकळेपणाने विचारलीच पाहिजे. ‘काही आठवत नाही, ताट रिकामं झाल्यावर कळतं’ हे नुसतं सवयीचं जगणं असू शकतं आणि नैराश्यही असू शकतं. फरक साधारण असा ओळखतात: सवयीवर चालणाऱ्या माणसाला जुना मित्र भेटला, मॅच रंगली, आवडीचं काही समोर आलं, की तो जागा होतो. नैराश्यात तेव्हाही आत काही हलत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी नाही, पहाटे तीन-चारला जाग येते, जगून काय करायचं असं मनात येतं, यातलं काही असेल तर ध्यान बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-१२ही एकदा बघून घ्या. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ध्यानावरच्या ४७ चाचण्या, सुमारे साडेतीन हजार माणसांच्या, एकत्र तपासल्या. चिंता, उदासी, वेदना यांत थोडा ते मध्यम फरक पडतो असं दिसलं. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरतं याचा पुरावा मात्र मिळाला नाही. मी स्वतः रोज बसते आणि तरीही हे सांगते, कारण ध्यानाच्या भरवशावर गोळ्या बंद करून कोसळलेली माणसं मी सावरायचा प्रयत्न केलेला आहे.

राहिली तुमची मुलगी. तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत येऊन गेली, भावाला पाच ओळी मिळाल्या. मला ती ओळ सगळ्यात जास्त लागली. नववीतलं मूल बापाला काही विचारायला येतं ते बऱ्याचदा तीन वेळा मनात घोळवून येतं. तिच्यासाठी वेगळी साधना नको. ती बोलायला आली की फोन पालथा ठेवा, मानेऐवजी सगळं अंग तिच्याकडे वळवा, आणि उत्तर देण्याआधी ती जे म्हणाली ते तुमच्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा: ‘म्हणजे शनिवारी तुला मैत्रिणीकडे राहायचंय, असंच ना?’ म्हणून दाखवायचं आहे हे माहीत असलं की कान आपोआप उघडे राहतात. त्या बाईंच्या प्रसंगानंतर मी माझ्या कामात हेच सुरू केलं, आजही करते.

आणि पंधरा दिवस झोपेसाठी थांबायला सांगितलं असलं तरी हे थांबवू नका. आज घरी गेल्यावर चपला काढून आधी तिच्या खोलीत जा आणि सांगा, ‘त्या दिवशी तू मला काहीतरी विचारलंस, मी हो म्हणालो, पण माझं लक्ष नव्हतं. काय विचारलं होतंस?’ ती कदाचित ‘काही नाही’ म्हणेल. तरी तिथेच थोडा वेळ बसा.